दिवाडीची चित्रफेरी : कागदावर सहा, पायांखाली तेरा

"सर, सगळं मिळून सहा किलोमीटर. रमतगमत दुपारपर्यंत उरकेल," असं माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर सांगितलं होतं. शनिवारी संध्याकाळी मोबाईलने हिशेब दाखवला, तेरा किलोमीटर चारशे मीटर. तेव्हा पहिली सूचना हीच : चित्रकाराने काढलेल्या नकाशाच्या भरवशावर चालायला निघू नका.

मी सावंतवाडीला चित्रकला शिकवतो. हा मुलगा हल्ली गोव्यात, मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावर राहतो. त्याने आणि गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून जानेवारीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आपापल्या कामाच्या जागा लोकांना खुल्या करायचं ठरवलं. अकरा घरं. कुणाचं काम गोठ्यात चालतं, कुणाचं माडीवर, एकाचं तर चक्क बलकांवात, म्हणजे दारापुढच्या त्या दोन्ही बाजूंना दगडी बाकं असलेल्या ओसरीत. मला बोलावलं होतं पाट्या रंगवायला. म्हणजे मी पाहुणाही आणि वेठीचा गडीही.

जायचं कसं, ते आधी. कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन सगळ्यांत जवळ. सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत, तेवढं बघून तिकीट काढा. स्टेशनाबाहेर टॅक्सीवाल्याने जुन्या गोव्याच्या धक्क्यापर्यंतचे सहाशे सांगितले. दहा मिनिटांच्या रस्त्याचे सहाशे! मीटरचं विचारलं तर हसला. "येताना रिकामी येते गाडी, सायबा." मी तत्त्वाचा माणूस, भांडभांड भांडलो आणि साडेपाचशे दिले. परतताना जुन्या गोव्यातून पिवळ्या मडगार्डवाला पायलट केला, मोटरसायकलवर मागे बसून शंभरात स्टेशन. एकटे असाल, पाठीवर एकच सॅक असेल, तर टॅक्सीकडे बघूही नका. चौघे असाल तर भाव बसायच्या आधी ठरवा, सामान डिकीत गेल्यावर नाही.

धक्क्याकडे जाताना रस्ता व्हाइसरॉयच्या कमानीखालून जातो. पुढे फेरीबोट. पायी माणसाला पैसे पडत नाहीत, मांडवी ओलांडायला पाचेक मिनिटं लागतात. चारचाकी घेऊन येणाऱ्यांची मात्र शनिवारी सकाळीच रांग लागली होती. गाडी अलीकडेच ठेवा. दुचाकी असेल तर ती जरूर न्या. का, ते सांगतो.

नकाशा दिसायला फार सुंदर होता. जलरंगात, कडेने माडांची नक्षी, मध्ये टेकडीवरचं पिएदादचं चर्च, नदीत फेरीबोट, त्यात चक्क माणसंही. सहाव्या आणि सातव्या घराच्या मध्ये करंगळीएवढी हिरवी पट्टी होती. ती करंगळी म्हणजे खाजन. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : खाजन म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवून कसलेली सखल जमीन. पाणी आत-बाहेर सोडायला बांधात मानस असते, लाकडी झडपांचं दार. पावसाळ्यात तिथे खाऱ्याला टिकणारं कोरगुट भात होतं. जानेवारीत काय असतं? कापलेली खोडं. आणि ऊन.

रस्ता बांधावरून सरळ जातो. एका अंगाला खारफुटी, दुसऱ्या अंगाला शेत, आणि दोन्हींमध्ये सावली देईल असं एकही झाड नाही. खारफुटी आहे की, असं म्हणाल. ती कमरेएवढी आणि चिखलात. मी दीड वाजता निघालो. बाटलीत दोन घोट पाणी होतं, कारण "पुढच्या घरी मिळेल". वाटेत दुकान नाही, नळ नाही, बसायला दगड नाही. बगळेसुद्धा मानशीच्या भिंतीच्या सावलीला ओळीने उभे होते, आणि मला पाहून उडाले नाहीत. त्यांनाही तो विचार जड गेला असावा. डांबर तापून बुटाच्या तळाला चिकट लागत होतं. चाळीस मिनिटं मी नकाशा काढणाऱ्याचे शाळेतले मार्क आठवत होतो. स्मरणचित्रात पंचेचाळीस दिले होते. जास्त दिले.

सातव्या घरी पोचलो तर दाराला कडी. दुपारी एक ते चार गोव्याचं गाव झोपतं, हे सावंतवाडीत वाढलेल्या माणसाला सांगावं लागू नये. फाटकावर पाटी होती, '१० ते ६ खुले', ठळक लाल अक्षरांत. ती पाटी मीच रंगवली होती.

शेजारच्या घरातल्या बाईंनी हाक मारली. "ह्या वतांत खंय भोंवतात, मास्तर?" म्हणजे एवढ्या उन्हात कुठे फिरताय. त्यांच्या बलकांवात बसवून आमसुलाचं सरबत दिलं, दोनदा. पैसे विचारले तर रागावल्या. उलट चर्चजवळच्या 'आर्ट कॅफे'त लिंबू सोड्याचे दीडशे घेतले होते, आणि लिंबू अर्धंच. गावातल्या साध्या टपरीवर पाव-भाजी खा, पातळ भाजी आणि गरम उंडो, म्हणजे कडक गोल पाव. त्या कॅफेला माझा नमस्कार.

आता बघण्यासारखं काय होतं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल मास्तर नुसते रडले. अकरांतली तीन घरं तेरा किलोमीटरच्या लायकीची. चार बरी. उरलेली चार म्हणजे पर्यटकांसाठी काढलेली नारळाची झाडं आणि सूर्यास्त. तिथे वही सही करून निघा.

तिसऱ्या घरी कावीचं काम चाललं होतं. कोकणातल्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी चित्रं दिसतात, तीच कावी. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर लाल काव मिसळलेला थर चढवायचा आणि तो ओला असतानाच अणकुचीदार अवजाराने खरवडून खालचा पांढरा वर काढायचा. पुसायची सोय नाही. त्या गृहस्थांनी मला फूटभर तुकडा दिला. ओल्या चुन्याचा तो गार, किंचित आंबूस वास. मी कमळाची एक पाकळी खरवडली, हात जरा दबला, आणि पांढऱ्याच्याही खाली जाऊन करडा गिलावा वर आला. ते काही बोलले नाहीत. माझ्या हातातलं अवजार काढून घेतलं, त्याच खड्ड्याभोवती दोन रेषा ओढल्या, आणि त्याचा भुंगा झाला. इथे तास घालवा. सकाळी जा, दुपारी थर फार लवकर सुकतो, मग ते नुसतं बोलून दाखवतात.

पाचव्या घरी जुन्या खिडक्या होत्या, काचेऐवजी शिंपल्यांच्या चौकोनी चकत्या बसवलेल्या. त्या प्रकाशात एक बाई फक्त पांढऱ्यावर पांढरं रंगवत होत्या. ऊन शिंपल्यातून आत येताना दुधाळ होतं, त्यामुळे कागदाला सावलीच पडत नाही. म्हणून त्या दिवा कधीच लावत नाहीत. पाचनंतर गेलात तर चित्र दिसणार नाही. दहावं घर लिनोछापाचं, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेल्या ठशांचं, स्वतः शाई लावून एक ठसा घरी नेता येतो.

शेजारच्या जुवे बेटावरचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी मरियमला साडी नेसवून रंगवली आणि पुढे पुण्यात राहिले. गोव्यातल्याच साळगावात १९२४ साली चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा जन्मले. या दोघांबद्दल अकरांतल्या एकाही घरात एक ओळ लावलेली नव्हती. एवढी शिदोरी असून पाहुण्यांना नारळाची झाडं दाखवायची, याला काय म्हणावं.

असलं काही आपल्या गावात करणार असाल तर माझ्या फुटलेल्या पायांनी शिकवलेलं ऐका. नकाशा चित्रकाराला काढू द्या, पण दोन घरांमधलं अंतर पायी चालून, मिनिटांत लिहा. जिथे सावली नाही तिथे तसं लिहा. दुपारची झोप मोडू नका, वेळ सरळ '१० ते १ आणि ४ ते ७' ठेवा. मधल्या वेळात लोकांना जेवायला कुठे बसवायचं ते आधी ठरवा. रस्त्याकडेच्या पाट्यांसाठी पंचायतीला आधीच अर्ज द्या, आदल्या दिवशी धावपळ नको. पाट्या चिऱ्याच्या भिंतीला चिकटपट्टीने लावू नका. चिरा भोकाभोकांचा, वर शेवाळाची पूड. शुक्रवारी रात्री लावलेल्या नऊ पाट्यांपैकी सकाळी दोन जागेवर होत्या. सुतळी आणि खिळा घ्या. बाण दोन्ही टोकांना बांधा, नाहीतर पोरं फिरवतात. तीन बाणांनी लोकांना एकाच विहिरीवर नेऊन सोडलं.

प्रत्येक घरी पाणी, आणि पाहुण्यांना वापरता येईल असं एक तरी संडास दर तीन घरांमागे. हे कुणीच धरलं नव्हतं. बायकांचे फार हाल झाले, आणि त्याबद्दल कुणी कुठे लिहीत नाही म्हणून मी लिहितो. दोन घरांत मोबाईलला रेंज नाही, पैसे फोनवरून जाईनात, विक्री हातची गेली; सुटे पैसे ठेवा. चित्रं गुंडाळायला पुठ्ठ्याच्या नळ्या आणा, वर्तमानपत्राची शाई ओल्या छापावर उठते. आणि किती माणसं आली ते मोजायला एक युक्ती इथे छान होती : दारात चिंचोक्यांची वाटी आणि रिकामा डबा, येणाऱ्याने एक चिंचोका टाकायचा. वहीत नाव लिहायला लोक कंटाळतात, चिंचोका टाकायला पोरं भांडतात.

चालणाऱ्यांसाठी क्रम : नकाशा उलटा वाचा. दहाला घरं उघडायच्या आत पलीकडे पोचाल अशी सकाळची बोट धरा, दुचाकीवर किंवा कुणाच्या तरी मागे बसून आधी खाजनापलीकडची घरं करा, भर दुपार व्हायच्या आत चर्चच्या बाजूला परत या, तिसरं आणि पाचवं घर तिथेच आहे. पायीच जायचं असेल तर दोन लिटर पाणी आणि टोपी. छत्रीची लाज बाळगू नका. वेळ उरला तर बेटाच्या दुसऱ्या टोकाहून फेरीने नार्व्याला उतरा. दिवाडीवरचं सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ पोर्तुगिजांनी पाडल्यावर देव तिकडे गेला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तिथलं देऊळ पुन्हा बांधवलं. परतीची शेवटची बोट धक्क्यावर विचारूनच पुढे व्हा.

रविवारी विद्यार्थ्याच्या स्कूटरवर मागे बसून सगळं पुन्हा पाहिलं. मस्त झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

निघताना त्याला विचारलं, खाजन एवढं बारीक का काढलंस रे? म्हणाला, "सर, बोट मोठी हवी होती. जागा उरली नाही." पुढच्या वर्षी नकाशा मी काढणार, असं कबूल करून घेतलंय.

फेरीबोटीतून उतरताना उजव्या बुटाचा तळ निघाला. सावंतवाडीत स्टँडजवळ शिवून घेतला, साठ रुपये.