तुम्ही विचारलंत म्हणून : लेख छापण्याआधी समाजाला दाखवायचा, तर संशोधकाचे स्वातंत्र्य कुठे उरते?

आदिवासी समाजांच्या आरोग्यावरील शोधनिबंध प्रसिद्धीपूर्वी वाचण्याचे आणि त्यांत दुरुस्त्या सुचवण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. या कामात एक प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि विचारणारे बहुधा तरुण, प्रामाणिक व थोडे वैतागलेले संशोधक असतात. नीतिमत्ता समितीची मंजुरी घेतली, प्रत्येक सहभागी व्यक्तीची लेखी संमती घेतली, नावे गाळली. एवढे सगळे झाल्यावर तयार मसुदा पुन्हा त्या समाजाच्या प्रतिनिधींपुढे ठेवायचा आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहत बसायचे, तर मग संशोधकाचे स्वातंत्र्य उरले कुठे? गैरसोयीचा निष्कर्ष ते दाबून टाकणार नाहीत कशावरून?

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे. संमतीपत्रावर सही करते ती व्यक्ती. पण लेख छापून आला की त्याचा परिणाम होतो तो संपूर्ण समाजावर, म्हणजे ज्यांनी सही केली नाही, ज्यांना कोणी विचारलेही नाही, त्यांच्यावरही. रक्त काढताना किंवा प्रश्नावली भरताना होऊ शकणाऱ्या इजेचा विचार नीतिमत्ता समित्या काळजीपूर्वक करतात. शीर्षकामुळे होणाऱ्या इजेचा विचार मात्र त्यांच्या अर्जात क्वचितच एखादी ओळ व्यापतो.

1979 साली अलास्काच्या उत्तर टोकावरील बॅरो गावात (आज ते उत्कियागविक या मूळ नावाने ओळखले जाते) इनुपियात या तेथील मूळनिवासी लोकांमधील मद्यपानाचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष जाहीर झाले ते तेथून हजारो किलोमीटर दूर, फिलाडेल्फियात, पत्रकारांसमोर; आणि 1980 च्या जानेवारीत देशभरच्या वाचकांसमोर जे चित्र उभे राहिले, ते दारूपायी लयाला चाललेल्या एका समाजाचे होते. त्या गावात न पिणारी माणसे होती, अभ्यासात सहभागी न झालेली माणसे होती, दारूचा प्रश्न सोडवण्यासाठी झटणारी माणसेही होती. शिक्का मात्र सर्वांवर सारखाच बसला. येथे प्रत्येकाची वैयक्तिक गोपनीयता अगदी काटेकोरपणे सांभाळली असती, तरीही या इजेत काडीचा फरक पडला नसता. प्रश्न नावांचा नव्हताच. निष्कर्ष कोणत्या संदर्भात मांडायचा आणि आधी कोणाला सांगायचा, हा होता.

हवासुपाई लोकांचे प्रकरण अधिक प्रसिद्ध आहे. ग्रँड कॅनियनच्या तळाशी राहणाऱ्या या छोट्या समाजात मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे, म्हणून 1990 पासून त्यांनी ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना रक्ताचे नमुने दिले. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यांतील संततीचे प्रमाण आणि पूर्वजांचे स्थलांतर अशा विषयांवर काम झाले आणि ते प्रसिद्धही झाले. समाजाला याचा पत्ता लागला तो 2003 मध्ये, त्यांच्यातील एक सदस्या त्याच विद्यापीठातील एका प्रबंधाच्या जाहीर चर्चेला गेली तेव्हा. खटला झाला, 2010 मध्ये 41 जणांना मिळून सात लाख डॉलर देण्याची आणि उरलेले नमुने परत करण्याची तडजोड झाली. प्रबंधाच्या चर्चेपूर्वी कोणी एक पान जरी समाजापुढे वाचून दाखवले असते, तरी गैरवापर फार आधी उघडकीस आला असता, असे मला वाटते. प्रसिद्धीपूर्व वाचनाला मी निव्वळ सौजन्य मानत नाही, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरे कारण कमी नाट्यमय आहे, पण रोजच्या कामात तेच अधिक वेळा समोर येते. मसुद्यातील चुका समाजाच्या वाचकांना ज्या दिसतात, त्या आम्हा समीक्षकांना दिसत नाहीत. एका मसुद्यात नैराश्याच्या रुग्णांचा तक्ता होता : वयोगट, लिंग, व्यवसाय आणि वस्ती. नाव कोठेही नव्हते. आमच्या दृष्टीने तक्ता निर्दोष होता. दोघा समीक्षकांनी त्यावर एक शब्दही लिहिला नव्हता. समाजाच्या आरोग्य समितीतील बाईंनी मात्र एका रकान्यावर बोट ठेवले. तीस ते एकोणचाळीस वयाची, शाळेत शिकवणारी स्त्री त्या वस्तीत एकच होती. रकाने एकत्र केले, वस्तीचा स्तंभ काढला आणि तक्त्याचे शास्त्रीय मूल्य तसूभरही कमी झाले नाही.

अर्थ लावण्याच्या बाबतीत तर हे आणखी ठळकपणे जाणवते. उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण मोजल्यावर त्याचे कारण म्हणून ‘जागरूकतेचा अभाव’ असे लिहून मोकळे होण्याची आपल्या क्षेत्राला वाईट खोड आहे. जागरूकता मोजणारा एकही प्रश्न प्रश्नावलीत नसताना हे शब्द निष्कर्षात दिसले, की मी ते खोडतो. अशाच एका मसुद्यावर समाजाच्या प्रतिनिधींनी सांगितले, की फिरते पथक ज्या आठवड्यांत औषधे घेऊन येते, नेमक्या त्याच आठवड्यांत बहुतेक कुटुंबे हंगामी कामासाठी वस्तीबाहेर असतात. आकडा होता तोच राहिला. त्याखालचे वाक्य बदलले, आणि शिफारसही बदलली. आधी ‘लोकांना समजावून सांगा’ असे होते, नंतर ‘पथकाचे वेळापत्रक बदला’ असे झाले. यात शास्त्राच्या स्वातंत्र्याचे काय गेले, हे मला कोणी पटवून दिलेले नाही.

आता दाबादाबीच्या भीतीकडे येतो. समाजाला वाचनाचा अधिकार देणे आणि निष्कर्षावर नकाराधिकार देणे या दोन गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरल्यामुळे ही भीती वाटते. कॅनडात माँट्रियलजवळ मोहॉक या मूळनिवासी लोकांच्या काहनावाके वस्तीत 1994 मध्ये शाळकरी मुलांमधील मधुमेह रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा संशोधक आणि समाज यांनी मिळून एक आचारसंहिता लिहिली. निष्कर्षाच्या अर्थाबद्दल दोघांचे एकमत झाले नाही, तर भिन्न मतालाही जागा द्यायची, अशी तरतूद तीत आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन-नीतीचे नववे प्रकरण हाच मार्ग दाखवते : अंतिम अहवालापूर्वी समाजाला अर्थनिर्णयात भाग घेऊ द्यावा, आणि मतभेद मिटलाच नाही तर समाजाला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी किंवा तो मतभेद जसाच्या तसा नोंदवावा. वाचकाला दोन अर्थ समोरासमोर मिळाले तर त्याचे नुकसान होत नाही. उलट, एरवी जो मतभेद संशोधकाच्या वहीतच राहिला असता, तो छापील स्वरूपात इतरांच्या परीक्षेला उतरतो.

मात्र यासाठी करार सुरुवातीलाच व्हायला हवा, आणि तो लेखी हवा. मसुदा तयार झाल्यावर परवानगी मागायला जाणारा संशोधक स्वतःला आणि समाजालाही अडचणीत टाकतो. वाचनासाठी किती दिवस, मसुदा कोणत्या भाषेत आणि कोणापुढे, समाज काय काढून टाकायला सांगू शकतो (वस्तीचे नाव, ओळख उघड करणारा तपशील, बाहेर न सांगण्याचे पारंपरिक ज्ञान) आणि काय बदलायला सांगू शकत नाही (मोजलेले आकडे), हे प्रकल्प सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे. मुदतीत उत्तर आले नाही तर काय करायचे, तेही त्यातच लिहावे. प्रबंधाची अंतिम तारीख जवळ आल्याने समाजाला आठवड्याभरात चाळीस पाने वाचायला सांगणारे मार्गदर्शक मी पाहिले आहेत. त्याला सल्लामसलत म्हणता येत नाही. आणि वाचन म्हणजे इंग्रजी मसुदा ईमेलने पाठवून देणे नव्हे. बैठकीत, त्यांच्या भाषेत, तक्ते समजावून सांगत केलेले वाचनच उपयोगी पडते.

येथून लेखकत्वाचा मुद्दा आपोआप येतो. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत : भरीव योगदान, मसुद्याचे लेखन किंवा त्यात महत्त्वाची बौद्धिक सुधारणा, अंतिम रूपाला मान्यता आणि कामाच्या सचोटीची जबाबदारी. समाजातील ज्येष्ठ सहकाऱ्यांना आभारांच्या ओळीत ढकलताना बहुतेक संशोधक दुसऱ्या अटीकडे बोट दाखवतात. त्यांनी काही लिहिले नाही, असे म्हणतात. पण त्याच समितीने स्पष्ट केले आहे, की दुसरी किंवा तिसरी अट पूर्ण करण्याची संधीच नाकारून कोणाला लेखकत्वापासून वंचित ठेवण्यासाठी या अटी नाहीत. बैठकीत मसुदा ऐकून ‘हा निष्कर्ष चुकीचा आहे, कारण अमुक’ असे सांगणारा माणूस बौद्धिक सुधारणाच करत असतो, मग त्याने लेखणी हाती धरलेली नसली तरी. लेखक म्हणून नाव देण्यापूर्वी त्याला विचारावे मात्र जरूर. काहींना ते नको असते, आणि तो निर्णय त्यांचा आहे.

समाजाचे नाव छापावे की लपवावे, याचेही सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. नाव लपवणे म्हणजे नेहमीच संरक्षण, असे आपण मानतो. पण आपल्या कामाचे श्रेय आपल्या नावाने मिळावे, असे म्हणणारे समाजही असतात. शिवाय नाव गाळून नुसते ‘आदिवासी’ लिहिले की एका वस्तीचा निष्कर्ष सगळ्यांच्या माथी मारला जातो. 2016 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 23 देशांतील 28 आदिवासी समाजांच्या आरोग्याचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी स्थिती देशाच्या इतर लोकसंख्येपेक्षा वाईट असली, तरी सर्वत्र ती सारखी नव्हती, हे त्यातून दिसले. म्हणून कोणता समाज, कोणता प्रदेश आणि कोणता काळ हे शक्य तितके नेमके लिहावे, असा माझा आग्रह असतो. आणि किती नेमके लिहिणे सुरक्षित आहे, हे पुन्हा त्या समाजालाच विचारावे लागते.

कच्चा डेटा सर्वांसाठी खुला करा, ही अनेक नियतकालिकांची अट अलीकडे नवा पेच घेऊन आली आहे. हवासुपाई प्रकरण माहीत असणाऱ्या कोणालाही यातील धोका समजावून सांगावा लागू नये. कॅनडातील फर्स्ट नेशन्स या मूळनिवासी समाजांनी 1998 मध्येच आपल्या माहितीची मालकी, तिच्यावरील नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि तिचा ताबा ही चार तत्त्वे मांडली. 2019 मध्ये आदिवासी समाजांच्या डेटासाठीची, ‘केअर’ नावाने ओळखली जाणारी तत्त्वे आली, ज्यांत सामूहिक लाभ आणि नियंत्रणाचा अधिकार यांना स्थान आहे. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की ‘डेटा समाजाच्या समितीकडे अर्ज केल्यास मिळेल’ असे वाक्य लेखात लिहावे आणि संपादकांना त्यामागचे कारण कळवावे. कारण नीट दिले तर बहुतेक संपादक ते मान्य करतात.

शेवटचा उपप्रश्न नेहमी थोड्या विजयी सुरात येतो : समाज म्हणजे नेमके कोण? त्यांच्यात गट नाहीत का? समाजाच्या प्रमुखांची परिषद एक म्हणेल, स्त्रियांचा गट दुसरे म्हणेल, आरोग्य सेविका तिसरेच म्हणेल. अगदी बरोबर; आणि विशेषतः गर्भपात, घरगुती हिंसा किंवा मानसिक आजार अशा विषयांत केवळ प्रमुख पुरुषांची मान्यता घेऊन थांबणे धोक्याचे आहे, कारण ज्यांच्यावर लेख आहे त्यांचाच आवाज तेथे नसण्याची शक्यता असते. अशा वेळी मसुदा त्या विषयाशी थेट संबंध असलेल्यांना, म्हणजे वरील विषयांत निदान स्त्रियांना, वेगळ्या बैठकीत दाखवावा, परिषदेला वेगळा दाखवावा, आणि दोघांच्या म्हणण्यात तफावत असेल तर ती कोणाची ओळख उघड न करता लेखात नोंदवावी. याला वेळ लागतो, प्रवासाचा आणि दुभाष्याचा खर्च येतो. म्हणून अनुदानाच्या अर्जात या बैठकांसाठी स्वतंत्र रक्कम मागा; ती न मागितल्यामुळे ऐनवेळी वाचन रद्द करावे लागलेले प्रकल्प मी पाहिले आहेत, आणि त्यातील एकाही संशोधकाची तेव्हा स्वातंत्र्य गेल्याची तक्रार नव्हती.