दुसऱ्या रायफलीचा बोल्ट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या दुकानात डबऱ्याकडचे एक काका आपली .३१५ रायफल घेऊन आले, तेव्हा काम सरळ वाटलं होतं. नळी तोंडाशी फुगली होती. ती काढून कारखान्याची नवी चढवायची. निवडणुकीत रायफल जमा होती. परत मिळाली तेव्हा नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलेलं, आणि काकांच्या मुलानं आत न बघताच गोळी झाडली. नशीब, नळी फुगण्यावर निभावलं. परवानगीचे कागद फिरून येईपर्यंत पावसाळा उलटला.

नळी आवळून बसवणं हेच मुख्य काम, असं लोकांना वाटतं. खरं काम त्यानंतरचं. .३१५ ही ईशापूरच्या कारखान्याची रायफल, आतून ब्रिटिश फौजेची जुनी ली-एनफिल्डच. काडतुसाच्या बुडाला रिम असते, ती नळीच्या मागच्या तोंडावर टेकते. मागून बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता दांडा, येऊन तिला धरतो. बोल्टचं तोंड आणि नळीचं तोंड यांच्यात त्या रिमपुरतीच जागा हवी. हेच हेडस्पेस, फौजेत आम्ही सीएचएस म्हणायचो. ही जागा गेजनं, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या मापानं, तपासतात. फौजेतल्या .३०३ ली-एनफिल्डला ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे आणि ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. दोन्हींतला फरक पाव मिलिमीटर. .३१५ चे गेज वेगळे, रीत तीच.

गेज घालण्याआधी मी बोल्ट पूर्ण मोकळा करतो. या जातीचा बोल्ट पुढे ढकलताना कॉक होतो, म्हणजे घोड्याची स्प्रिंग ताणली जाते, तिचा जोर हाताला लागतो आणि त्या जोरात गेजचा स्पर्श कळत नाही. म्हणून काडतुसावर आपटणारा स्ट्रायकर काढायचा, रिकामं काडतूस ओढणारा एक्स्ट्रॅक्टरही काढायचा, आणि हँडल फक्त एका बोटानं खाली आणायचं. फौजेच्या ईएमईत, म्हणजे शस्त्रं-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आमच्या उस्तादांनी हे इतक्या वेळा करून घेतलं की आता डोळे मिटूनही बोटाला समजतं. तळहातानं हँडल दाबून ‘बसला की’ म्हणणारे कारागीर मी पाहिलेत. त्यांच्या हातची रायफल मी माझ्या खांद्याला लावणार नाही.

काकांच्या रायफलीत बोल्ट जाणाऱ्या, म्हणजे ज्यावर बंद व्हायलाच हवा त्या, गेजवर सैल बंद झाला, ते ठीकच. मग न जाणारा गेज घातला, तर त्यावरही अलगद बंद झाला. त्या गेजच्या मागे मायक्रोमीटरवर मोजलेली चिकटपट्टी थरावर थर लावत गेलो, तरी बोटाला काही लागेना. नळीचं तोंड तपासलं. ते जिथे हवं तिथेच होतं.

काका म्हणाले, “अहो, मग नळीच थोडी आणखी आत फिरवा ना!”

“काका, नळी आत गेली की नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी एका अंगाला कलते. एक्स्ट्रॅक्टरची खाचही सरकते. ती जागा ठरलेली असते.”

“पण आजवर चालतच होती की.”

नवी काडतुसं घेताना रिकामी दाखवावी लागतात, म्हणून त्यांनी ती जपून ठेवली होती. मी एक मागून घेतलं. बुडाच्या थोडं वर पितळेवर चकचकीत कडं उमटलं होतं. तारेचं टोक वाकवून आतून फिरवलं, तर नेमकं त्याच जागी ते अडकलं. जागा जास्त असली की बार होताना काडतुसाचा पुढचा भाग नळीतल्या काडतुसाच्या खोलीच्या भिंतीला घट्ट चिकटतो आणि बूड मागे बोल्टकडे सरकतं. मधलं पितळ ताणतं. पुढच्या खेपेला ते तिथेच तुटलं असतं आणि गॅस मागे डोळ्याकडे आला असता. मी तार काकांच्याच हातात दिली. अडकली तसे ते गप्प झाले.

तेव्हा बोल्टच्या हँडलच्या मुळाशी ठोकलेला नंबर पुसून पाहिला. रायफलीच्या बॉडीवर एक नंबर, बोल्टवर दुसराच.

निवडणुकीला आमच्या ग्वाल्हेर-चंबळकडे परवान्याच्या बंदुका ढिगानं जमा होतात. २०२३ ची विधानसभा, पाठोपाठ २०२४ ची लोकसभा. जिथे काकांची रायफल होती तिथे बोल्ट काढून एका पेटीत टाकले होते, असं काका सांगतात. पावतीवर फक्त बॉडीचा नंबर असतो. परत देताना जो हाताला आला आणि आत शिरला, तो दिला. .३१५ चा बोल्ट दुसऱ्या .३१५ मध्ये शिरतो, फिरतो, बंद होतो. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला शंका येण्याचं कारणच उरत नाही. पावतीवर दुसरा एक नंबर लिहायला किती वेळ लागतो? माझा खरा राग तिथे आहे.

बोल्टच्या पुढचं सुटं तोंड, म्हणजे बोल्ट-हेड, लांब चढवून गेज जुळवता आला असता. या रायफलीच्या हेडवर नंबर नसतात, एकेक लावून पाहायची. माझ्याकडे एक बसण्यासारखी होतीही. पण लगना, म्हणजे बोल्टला बॉडीत अडकवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कानांना, निळी शाई लावून बोल्ट बंद करून उघडला, तर उजव्या बाजूची शाई पुसलेली आणि डावीकडची जशीच्या तशी. म्हणजे बाराचा सगळा धक्का एकाच लगवर. तशात गेज जुळवणं म्हणजे फक्त कागद जुळवणं. मी नाही म्हटलं. काका नाराज झाले, लग्नसराई तोंडावर होती. लग्नात हवेत गोळ्या झाडायच्या असतील तर तसंही मी हात लावणार नाही, हे त्यांना तोंडावर सांगितलं.

पुढे पुन्हा अर्ज करून नवा बोल्ट आला. दोन्ही लग सारखे टेकेपर्यंत घासले, मग हेड निवडली. एका गेजवर बंद, दुसऱ्यावर अडला. रायफल शिकंज्यात धरून, लांबून दोरीनं चाचणीचे बार केले. काडतुसं कड्याशिवाय बाहेर आली. ते काम झालं.

पण काकांचा मूळ बोल्ट कुणाकडे आहे? जिथे रायफल जमा होती तिथे लेखी कळवलं; उत्तर आलं की नोंदवहीत बोल्टचे नंबर नाहीत. कुणाच्या तरी घरी तो आजही भरलेल्या रायफलीत असेल, आणि तिथे जागा कमी आहे, जास्त आहे की चुकून बरोबर, हे गेज घातल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून हे लिहितोय. ग्वाल्हेर, डबरा, भितरवार भागात तुमच्याकडे .३१५ असेल आणि ती निवडणुकीत जमा होऊन आली असेल, तर रिकामी करून बोल्ट काढा. हँडलच्या मुळाशी असलेला नंबर बॉडीच्या नंबराशी ताडून पाहा. वेगळा निघाला तर एकही गोळी न झाडता ती कुठल्याही परवानाधारक कारागिराकडे न्या आणि आधी गेज घालायला सांगा.