निळं टिंब खरं, निळी रेघ तपासून घ्या

मोबाइलचं नेटवर्क गेलं म्हणजे जीपीएस गेलं, हा समज आधी काढून टाका. उपग्रह फिरतात वीस हजार किलोमीटर वर, त्यांचं टॉवरशी काही देणंघेणं नाही. चार उपग्रहांचा सिग्नल नीट मिळाला की मेळघाटात सेमाडोहच्या जंगलातही यंत्र आपली जागा बरोबर दाखवतं. नेटवर्कवाचून अडतं ते नकाशाचं. आपली जागा दाखवणारं निळं टिंब हलत राहतं आणि त्याच्याखाली नुसता कोरा पडदा.

म्हणून नकाशा घरूनच उतरवून घ्यायचा. गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर टॅप करा, 'ऑफलाइन नकाशे' उघडा आणि चौकट जरा सढळ हाताने ओढा. धारणीला जायचं आणि चौकट परतवाड्यालाच संपली, असं नको. काहीशे एमबी लागतात, तेव्हा वाय-फायवर करा. उतरवलेल्या नकाशाला मुदत असते, तीही बघून ठेवा. मग फोन एअरप्लेन मोडवर टाकून रस्ता मागायचा. दिसला तर निघा.

फोनऐवजी वेगळं जीपीएस यंत्र असेल आणि ते बरेच दिवस बंद पडून असेल, तर सुरू केल्याबरोबर गाडी हाकू नका. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. ती अख्खी उतरायला हवी. मध्येच टिनाचं शेड किंवा दाट झाड आलं की तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. मोकळ्या आभाळाखाली दोन-चार मिनिटं थांबा. फोन हीच माहिती नेटवर्कवरून काही सेकंदांत घेतो, पण नेटवर्क नसलेल्या गावात त्यालाही वेळ लागतो. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म असेल तर सिग्नल आणखी कमजोर होतो.

आता खरी गोम गावाच्या नावात. पिंपळगाव, वडगाव, बोरगाव, सावरगाव ही नावं तालुक्यागणिक सापडतात. वर बुद्रुक आणि खुर्द वेगळे. त्यात रिठी गावं, म्हणजे महसुली नोंदीत नाव आहे पण वस्ती उठून गेलेली. नकाशावर तीही दिसतात. नाव टाकून पहिला पर्याय दाबायचा नाही. तालुका आणि जिल्हा वाचायचा. त्याहून बरं म्हणजे ज्याच्याकडे जायचं त्याला फाटकाजवळ उभं राहून लोकेशन पाठवायला सांगा. अचूकता किती मीटर दाखवते ते त्याने आधी पाहावं. शंभर मीटर दाखवत असेल तर उघड्यावर येऊन थोडं थांबावं.

आकडे मिळाले तर पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. विदर्भात पहिला साधारण १८ ते २१ आणि दुसरा ७६ ते ८० च्या घरात येतो. उलटे पडले असतील तर लगेच कळतं. दशांशानंतर चार अंक म्हणजे सुमारे ११ मीटर, दोनच अंक म्हणजे किलोमीटरभर गोंधळ. सगळ्यात महागात पडते ती अंश-मिनिटांची गल्लत. २० अंश ३० मिनिटं म्हणजे २०.५०, २०.३० नव्हे. एवढ्या चुकीने आपण बावीस किलोमीटर दूर पोचतो.

पिन वावराच्या मधोमध टाकू नका. यंत्र त्या पिनेला सगळ्यात जवळचा रस्ता शोधतं आणि तिथे नेऊन 'पोहोचलात' म्हणतं. वावर समृद्धीला लागून असेल तर ते तुम्हाला महामार्गावर उभं करील, वावर कुंपणापलीकडे. नदीकाठी तर जवळचा रस्ता पलीकडच्या काठावरचा निघतो. पिन नेहमी फाट्यावर किंवा धुऱ्याजवळ, म्हणजे वावराच्या बांधाजवळ, जिथं गाडी शिरते तिथं. समृद्धीवरून जाताना कारंजा, मेहकर असं उतरायचं इंटरचेंज आधीच थांबा म्हणून टाकून ठेवा. एक हुकलं की पुढचं बरंच लांब असतं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, त्याआधीचा नकाशा असलेल्या यंत्रात गाडी पऱ्हाटीतून धावताना दिसते.

आणि पांदण, म्हणजे वावरांमधून जाणारी कच्ची वाट. नकाशावर पांदण आणि डांबरी रस्ता बरेचदा एकाच जाडीच्या रेघेने काढलेले असतात. यंत्राला ती जवळची वाट वाटते. उन्हाळ्यात बंडीच्या चाकोरीतून गाडी कशीबशी निघते, पण काळ्या मातीला एक पाऊस झाला की चाकं गुळगुळीत होऊन जागीच फिरतात आणि गाडी फसते. मग ट्रॅक्टर शोधा. यंत्रात 'सर्वात कमी अंतर' निवडू नका, 'जलद' ठेवा. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय असेल तर सुरू करा. तो नसेल तर उपग्रह चित्रावर रस्ता पाहून घ्या. डांबर करडं दिसतं, पांदण मातीच्या रंगाची. शिवाय मधली दोन-तीन मोठी गावं थांबे म्हणून टाकली की यंत्र मुकाट्याने एसटीच्या रस्त्याने नेतं.

पावसाळ्यात रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी जातंय का, हे उपग्रह सांगत नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, यंत्रातली रस्त्याची रेघ मात्र निळीच राहते. पाणी टोंगळ्याला, म्हणजे गुडघ्याला, लागेल असं वाटलं तर थांबा आणि फाट्यावरच्या चहावाल्याला विचारा. जंगलात वनविभागाचे नाके संध्याकाळी बंद होतात का, तेही त्यालाच ठाऊक असतं.

मे महिन्यात फोन डॅशबोर्डवर उन्हात ठेवला तर तासाभरात पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं, कधी फोनच बंद पडतो. स्टँड एसीच्या झरोक्याशी लावा, गाडी उभी करताना यंत्र काढून घ्या. रस्ता बघण्यापुरता फोन वापरायला मोटार वाहन नियमांनी २०२० पासून मुभा आहे, पण लक्ष विचलित होता कामा नये. जुना एक अँपियरचा चार्जर नेव्हिगेशनला पुरत नाही, टक्के उतरतच राहतात. दोन अँपियरच्या वरचा घ्या.