बाबांच्या खुणा परत मिळाल्या त्याची गोष्ट

बाबांनी गाडीसाठी नॅव्हिगेशनचं यंत्र घेतलं २०११ मध्ये. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाची गडबड तेव्हाच सुरू झाली होती. बाबांच्या रस्त्यातल्या खुणा सगळ्या झाडांच्या. फणसाच्या पुढं डावीकडं, दोन वडांच्या मधून आत. ती झाडं पडायला लागली तसे ते प्रत्येक वळणाशी गाडी कडेला घेऊन ते ठिकाण यंत्रात साठवून ठेवायला लागले. २०१७ ला त्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि यंत्र कपाटात गेलं.

डिसेंबर २०२३ मध्ये ते एकदम म्हणाले, "मावशीच्या वाडीला जाऊन येऊ या गं. घर पडलं असेल, विहीर तरी बघू." महाडच्या पुढं महामार्ग सोडून आत जायचं, एवढंच मला माहीत. बाबांना वळण आठवेना. वाडीचं नाव फोनवरच्या नकाशात सापडलं नाही. ज्यांना विचारावं ती माणसंही आता नाहीत. "यंत्रात आहे," बाबा म्हणाले.

यंत्र चार्जिंगला लावलं, दिवासुद्धा लागला नाही. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला तर हे मॉडेल बंद झालंय, नवीन घ्या, एवढंच उत्तर. वळणांचं काय, याचं उत्तर तिथे कुणाकडे नव्हतं. मग डोंबिवलीत स्टेशनजवळ मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका दादांकडे गेले. त्यांनी यंत्र आडवं धरून दाखवलं, मागचं झाकण एका कडेनं केसभर उचललेलं होतं. "ताई, सेल फुगलाय. घरी उघडलं नाहीत ते बरं केलंत." फुगलेल्या लिथियम सेलला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागलं तर तो पेट घेऊ शकतो, म्हणून हे काम घरी करू नका असं मीही सांगेन.

नवा ३.७ व्होल्टचा सेल मिळाला, पण त्याला दोनच वायरी होत्या, लाल आणि काळी. जुन्याला तिसरी पांढरी वायर होती. ती सेलचं तापमान सांगते आणि ती नसेल तर यंत्र चार्जच करून घेत नाही. दादांनी जुन्या सेलच्या डोक्यावरची नखाएवढी पट्टी भिंगाखाली धरून अलगद काढली आणि नव्या सेलवर सोल्डर केली. तापमान मोजणारा भाग त्या पट्टीवरच असतो. नुसता सेल बदलून दिला असता तर आम्ही पुन्हा तिथेच अडकलो असतो.

यंत्र सुरू झालं, पण कंपनीचं चिन्ह यायचं, पडदा काळा व्हायचा, पुन्हा चिन्ह. कॉम्प्युटरला जोडलं तर काहीच दिसेना. दोन संध्याकाळी यात गेल्या आणि दोष निघाला केबलचा. ती फक्त चार्जिंगची होती, डेटाच्या वायरी तिच्यात नव्हत्याच. जुन्या कॅमेऱ्याची मिनी-यूएसबी केबल लावली तेव्हा यंत्र ड्राइव्हसारखं उघडलं. तुमच्याकडे असं काही असेल तर इथे थांबा आणि आधी सगळं कॉपी करून घ्या. फॉरमॅट, रीसेट, अपडेट, सगळं नंतर. साठवलेली ठिकाणं एका जीपीएक्स फाइलमध्ये होती. ही साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. उघडली तर एकाखाली एक अक्षांश, रेखांश आणि बाबांनी इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली नावं. 'पंक्चर माणगाव'. 'अण्णा बांध'. 'गोड पाणी'. 'मावशी वळण'. मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून सगळी यादी मोठ्यानं वाचली, एकूण ४३ ठिकाणं.

चिन्हापाशी अडकण्याचं कारण मेमरी कार्ड निघालं. ते काढलं आणि यंत्र पहिल्या झटक्यात सुरू झालं. मूळ नकाशा आतल्या मेमरीत असल्यामुळे कार्डाची गरजही पडली नाही.

राहिले उपग्रह. घरात, खिडकीत, बाल्कनीत, सिग्नलच्या पट्ट्या राखाडीच. इतकी वर्षं बंद राहिलेल्या यंत्राला कुठला उपग्रह आकाशात कुठे आहे याची काहीच कल्पना नसते. प्रत्येक उपग्रह आपली स्वतःची जागा दर ३० सेकंदांनी सांगतो, पण सगळ्या उपग्रहांचं मिळून पंचांग पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. तेवढा वेळ यंत्राला मोकळं आकाश हवं आणि ते हलवायचं नाही. मी दर दोन मिनिटांनी उचलून बघत होते, तीच चूक.

१४ जानेवारीला, भोगीच्या दिवशी, ते गच्चीत पाण्याच्या टाकीवर ठेवलं आणि खाली येऊन भाकऱ्या थापायला घेतल्या. पतंग उडवणाऱ्या मुलांना सांगून आले होते की हात लावू नका. अर्ध्या तासानं वर गेले तर पाच पट्ट्या हिरव्या आणि बाण बरोबर आमच्या इमारतीवर.

तारीख मात्र दाखवत होती रविवार, ३० मे २००४. वार बरोबर, बाकी सगळं चूक. त्या बरोबर आलेल्या वारामुळेच उलगडा झाला. जीपीएस उपग्रह तारीख पाठवत नाहीत, ६ जानेवारी १९८० पासून मोजलेल्या आठवड्याचा क्रमांक पाठवतात. उपग्रहांच्या जुन्या पद्धतीच्या संदेशात त्या क्रमांकासाठी दहाच बिट आहेत, म्हणजे ० ते १०२३. त्यापुढे पुन्हा शून्य. एप्रिल २०१९ मध्ये तो असा शून्यावर आला, तेव्हा आमचं यंत्र कपाटात होतं. आता ते नेमके १०२४ आठवडे मागे चाललंय. या मॉडेलसाठी अपडेट मिळालं नाही, पण जागा काढायला आठवड्याच्या आतली वेळ पुरते, त्यामुळे बाणाचं काही बिघडलं नाही. एक परिणाम तेवढा दिसला. यंत्राच्या लेखी मे महिना असल्यामुळे जानेवारीत अंधार पडून गेला तरी पडदा काही वेळ दिवसासारखा पांढराच राहतो. तेवढ्यापुरते रात्रीचे रंग हातानं लावावे लागतात.

पुढच्या शनिवारी पहाटे पाचला निघालो. नकाशा जुना, त्यामुळे नव्या चौपदरी पट्ट्यावर बाण कितीतरी वेळ शेतातून पळत होता आणि यंत्र रस्ता पुन्हा पुन्हा मोजत होतं. मी आवाज बंद करून फक्त अंतराकडे लक्ष ठेवलं. महाड मागे पडलं. ८०० मीटर, ४००, १५०. बाहेर ओळखीचं काही नव्हतं, सिमेंटचा कठडा आणि त्यात सोडलेली एक गाडीभर रुंदीची फट.

"इथे तर आंबा होता," बाबा म्हणाले. मग त्यांनी पडद्यावरच्या निशाणाकडे बघितलं, खिडकीची काच खाली केली. "हेच. घे आत. हळू घे, पुढे उतार आहे."

उतार होता. विहिरीलाही पाणी होतं.