फडताळ उपसले

रविवार, २४ मे २०२६

पाऊस पंधरा-वीस दिवसांवर येऊन ठेपला आहे आणि डाळी-कडधान्यांना कडक ऊन दाखवण्याचे हे शेवटचेच दिवस, म्हणून आज सकाळी स्वयंपाकघरातील फडताळ पूर्ण उपसले. साबुदाण्याच्या तीन अर्धवट पिशव्या, खवट झालेले दाण्याचे कूट आणि सर्वांत मागच्या डब्यात पोरकिडे झालेला रवा असा ऐवज निघाला.

दोन वर्षांपूर्वी मी हौसेने एकसारख्या पारदर्शक बरण्या आणून डाळींशेजारी डाळी आणि पिठांशेजारी पिठे अशी मांडणी केली होती. दिसायला ती देखणी होती. परंतु सकाळी साडेसहाला पोहे वरच्या खणातून, शेंगदाणे खालून आणि साखर तिसरीकडून काढेपर्यंत कढईतील मोहरी करपून जात असे. आज सारे लागण्याच्या वेळेप्रमाणे लावले. ओट्याजवळच्या, हात सहज पोहोचेल अशा खणात जाड पोहे, भाजलेला रवा, शेंगदाणे आणि साखर; त्याखाली रोजच्या आमटी-भाजीसाठी तूरडाळ, गूळ, आमसुले, गोडा मसाला आणि कूट. कुटाची बरणी मुद्दाम आठवड्यापुरतीच घेतली, कारण दाणे कुटले की त्यांतील तेलाला हवा लागते आणि ते लवकर खवट होते. किलोभर कूट एकदम करून ठेवण्याचा माझा उत्साह यापुढे आवरता घ्यावा लागेल. मटकी, चवळी, वाल आणि हुलगे एकाच टोपलीत ठेवले, म्हणजे रात्री भिजत काय घालावे हे टोपली पुढे ओढल्याबरोबर ठरते. मिसळणाचा डबा मात्र जागचा हलवला नाही. त्यातील वाट्यांचा क्रम सासूबाईंनी लावलेला आहे आणि माझा हात आता न पाहताही बरोबर हिंगावर जातो.

रव्याचा दोष दुकानदाराला देण्यात अर्थ नाही. नवी पिशवी आली की ती जुन्यावरच ओतायची या माझ्या सवयीमुळे तळाचा माल महिनोन्महिने तळाशीच राहत असे. तांदळाचे तर त्याहून कठीण: त्यातील सोंड्या किड्याची मादी दाण्याला भोक पाडून आतच अंडे घालते, त्यामुळे आज चाळून निवडून स्वच्छ केलेल्या तांदळातही काही आठवड्यांनी किडे दिसू शकतात. म्हणून आता डबा रिकामा करून, पुसून, कोरडा झाल्यावरच नवा माल भरायचा आणि उरलेला जुना वर ठेवायचा. झाकणाच्या आत भरल्याची तारीख लिहिली आहे. बाहेर लिहिली तर ओल्या हातांनी ती पुसली जाते, हा जुना अनुभव.

साबुदाण्याच्या तिन्ही पिशव्या एकत्र केल्या तर सव्वा किलो भरला. बुधवारी अधिक महिन्यातील एकादशी आहे, तेव्हा खिचडी होईलच. उरलेल्याच्या चिकवड्या पाऊस येण्याआधी गच्चीवर घालते.