आधी घरे मोजा

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण मिळाले, तेव्हा प्रयोगशाळा, स्नेहसंमेलने, क्रीडांगण यांविषयीही लिहावे असे मनात होते. परंतु लेखणी हाती घेतल्यापासून मराठीच्या बाईंखेरीज दुसरे काही सुचलेले नाही. त्यांचे नाव येथे लिहिण्याची गरज नाही, कारण इंदुरात आपल्या शाळेचा विद्यार्थी नुसते ‘बाई’ म्हणाला तरी कोण ते कळते.

शनिवारी शेवटच्या तासाला बाई मुंबईहून टपालाने येणाऱ्या अंकातले शब्दकोडे फळ्यावर उतरवीत. बंद घरे त्या खडूने भरून काढीत, त्यामुळे छापील कोड्यातली काळी घरे आमच्या फळ्यावर पांढरी असत. एकदा आडव्या शब्दांत ‘अहिल्याबाईंची राजधानी’ असे विचारलेले होते. साऱ्या वर्गाने एका सुरात ‘इंदूर’ म्हटले. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. “आधी घरे मोजा,” एवढेच म्हणाल्या. घरे चार होती. तेव्हा कोठे ‘महेश्वर’ निघाले, आणि इंदूर होळकरांची राजधानी झाले ते १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर, हेही त्यांनी ओघाने सांगून टाकले. इतिहासाच्या तासाला पाठ न होणारे ते साल मी त्यानंतर कधी विसरलो नाही.

खरी गंमत पुढे होती. तिसऱ्या घरातल्या ‘श्व’पासून तीन अक्षरी उभा शब्द सुरू होत होता. त्याचा अर्थ न सांगताच बाईंनी विचारले, “येथे काय काय बसेल?” एका मित्राने ‘श्वापद’ सुचवले. देवनागरी कोड्यात अक्षर काना-मात्रेसह एका घरात बसते, जोडाक्षरालाही एकच घर मिळते. म्हणून आडव्यातला ‘श्व’ आणि उभ्यातला ‘श्वा’ एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्यांनी दोन्ही अक्षरे शेजारी लिहून दाखवले. मग अर्थ सांगितला : सासरा. ‘श्वशुर’ हे उत्तर मी दिले आणि बाईंनी खडू माझ्या हाती दिला.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी येथील एका मराठी मंडळाच्या अंकासाठी कोडी रचू लागलो. सोडवण्यापेक्षा रचणे कठीण. ‘ळ’ने मराठी शब्द सुरू होत नाही, त्यामुळे आडव्या शब्दातला ‘ळ’ ज्या घरात पडेल तेथून उभा शब्द काढता येत नाही, आणि जमत आलेली चौकट मोडावी लागते. आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापलेले पहिले कोडे हिऱ्याच्या आकाराचे होते, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले, बाईंनी तीही चौकट फळ्यावर आखली असती.

आता मुले अडली की फोनवर उत्तर पाहतात. छेदणारा शब्द आधी सोडवून अडलेल्या घरात एक अक्षर मिळवावे, एवढा धीर त्यांना राहत नाही. शाळेत मराठीचे विद्यार्थीही कमी झाल्याचे ऐकतो, आणि वाईट वाटते.

सोबत एक कोडे पाठवीत आहे. संपादकांनी ते अवश्य छापावे, उत्तरे मात्र छापू नयेत; ज्यांना ती पडताळून पाहायची असतील त्यांनी मला पत्र लिहावे.