ओक्लाहोमात आले आणि वादळं वाचायला शिकले

टोर्नॅडोचा थेट मागोवा म्हणजे गाडी काढून त्याच्या मागे सुटायचं, असं बऱ्याच जणांना वाटतं. मी ते करत नाही आणि करणारही नाही. पण गेली काही वर्षं वसंत ऋतू लागला की माझ्या संध्याकाळी रडारसमोर जातात, आणि गरज पडली तर घराजवळच्या मोकळ्या माळावर. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ओक्लाहोमात आलो. सायरन वाजला की आतल्या खोलीत जाऊन बसायचं, एवढंच इथे प्रत्येकाला सांगतात. बाहेर नेमकं काय चाललंय हे न कळता तिथे बसणं मला जमेना, म्हणून शिकायला घेतलं.

सुरुवात नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरच्या, म्हणजे वादळांचा अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राच्या, नकाशापासून केली. मार्जिनल, स्लाइट, एन्हान्स्ड, मॉडरेट आणि हाय अशा त्याच्या पाच पायऱ्या. नवीन माणूस रंग बघतो आणि पुढे जातो. खरा माल नकाशाखालच्या मजकुरात असतो, कारण आज धोका का आहे हे तिथे लिहिलेलं असतं. तो कळायला मला बराच काळ लागला. 'कॅप' हा शब्द त्यात सतत येतो. जमिनीलगत दमट, उबदार हवा साचलेली असते आणि तिच्यावर गरम, कोरड्या हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. झाकण घट्ट राहिलं तर दिवसभर काहीच होत नाही. ते संध्याकाळी मोजक्या ठिकाणी फुटलं, तर दिवसभर साठलेली सगळी ऊर्जा तेवढ्याच दोन-चार ढगांना मिळते. त्यातच खाली दक्षिणेचा वारा आणि वर पश्चिमेचा जोराचा वारा असेल, तर ढग स्वतःभोवती फिरायला लागतो. तीच सुपरसेल.

"अगं, लख्ख ऊन पडलंय, कसलं वादळ?" नवरा एकदा म्हणाला. मी म्हटलं, "अरे, ऊन पडलंय हीच तर काळजी आहे." दुपारभर तापलेली जमीनच ते झाकण फोडते.

मग रडार. इथे सगळ्यात जास्त वेळ गेला आणि मजाही इथेच आली. पावसाचं चित्र सगळ्यांनाच कळतं. वादळाच्या नैऋत्येला वळलेला आकडा, म्हणजे हूक, तोही लवकर ओळखता येतो. अडचण वेगाच्या चित्रात असते. हिरवा रंग म्हणजे हवा रडारकडे येतेय, लाल म्हणजे दूर जातेय. त्यामुळे रडार कुठे उभं आहे हे आधी डोक्यात पक्कं असावं लागतं, नाहीतर रंगांना अर्थच नाही. गडद हिरवा आणि गडद लाल अगदी खेटून दिसले, की तिथे हवा फिरतेय.

तरीही तो टोर्नॅडोच असेल असं नाही. सगळ्यात खालचा किरणसुद्धा अर्धा अंश वर कललेला असतो, त्यात पृथ्वीची गोलाई. शंभर किलोमीटर लांबच्या वादळात रडार जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचं बघत असतं. त्याच्या खाली काय चाललंय, ते त्याला दिसत नाही. इतकी महागडी यंत्रणा असूनही हवामान खात्याला बाहेर उभी असलेली माणसं का लागतात, याचं उत्तर मला या दीड किलोमीटरात मिळालं.

2013 पर्यंत अमेरिकेतली ही रडारं सुधारली गेली आणि आणखी एक चित्र हाती आलं, कोरिलेशन कोइफिशियंट, म्हणजे हवेतल्या गोष्टी एकमेकांसारख्या किती आहेत ते सांगणारा आकडा. पावसाचे थेंब एकमेकांसारखे असतात, म्हणून आकडा एकच्या जवळ राहतो. लाकडाच्या चिरफाळ्या, पत्रे, झाडांच्या फांद्या हवेत असल्या की तो एकदम घसरतो. हिरव्या-लाल जोडीच्या बरोबर त्याच जागी ही घसरण दिसली, तर टोर्नॅडो जमिनीवर आहे आणि त्याने काहीतरी उचललंय. अभ्यासक त्याला डेब्री सिग्नेचर म्हणतात.

6 मे 2024 ला सेंटरने आमच्या भागासाठी हायची पायरी जाहीर केली होती. रात्री बार्न्सडॉल गावावर मी त्या घसरणीचा ठिपका पाहिला. शिकताना मी अशी कितीतरी जुनी उदाहरणं उत्साहाने चाळली होती, पण त्या रात्री ते बघताना हात थरथरत होते. तो ठिपका लोकांच्या घरांचा बनलेला होता. अंधारात बाहेरचे डोळेही निकामी असतात, विजेच्या तारा तुटताना उठणारा निळसर प्रकाश तेवढा दिसतो. पुढे पाहणी होऊन त्या टोर्नॅडोला ईएफ-4 ठरवलं गेलं; ईएफ म्हणजे टोर्नॅडोच्या तीव्रतेची 0 ते 5 अशी श्रेणी.

तेव्हापासून वादळ चालू असताना कोणी "हा ईएफ किती असेल?" असं विचारलं की मी उत्तर देत नाही. ही श्रेणी वाऱ्याच्या मोजमापावरून नाही, मागाहून पाहिलेल्या नुकसानीवरून ठरते. 31 मे 2013 चा एल रीनोचा टोर्नॅडो सव्वाचार किलोमीटरच्या आसपास रुंद होता, गाड्यांवर बसवलेल्या रडारांनी त्यात वाऱ्याचे प्रचंड वेग मोजले, पण तो बहुतेक मोकळ्या शेतांतून गेला म्हणून नोंद ईएफ-3 अशीच राहिली. त्यात टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघं गेले. टोर्नॅडोच्या वाटेत उपकरणं ठेवून मोजमाप घेणं हेच त्यांचं काम होतं, मुरलेली माणसं होती ती. मी गाडी घेऊन मागे जात नाही, त्याचं कारण हे.

स्कायवॉर्नचं, म्हणजे वादळ बघून हवामान खात्याला कळवणाऱ्या स्वयंसेवकांचं, प्रशिक्षण त्या मानाने सोपं गेलं. स्थानिक हवामान कार्यालय ते फुकट देतं, साधारण दोन तासांचा वर्ग असतो. वॉल क्लाउड, म्हणजे वादळाच्या तळातून खाली उतरलेला ढग, आणि नुसते लोंबणारे फाटके ढग यांतला फरक त्यांनी चित्रं दाखवून पक्का करून घेतला: पहिला टिकून राहतो आणि फिरतो, दुसरे सारखा आकार बदलतात आणि विरतात. नरसाळं दिसलं तरी खाली जमिनीवर धूळ किंवा तुकडे फिरताना दिसल्याशिवाय टोर्नॅडो म्हणायचं नाही. कळवताना आपण कुठे उभे, कुठल्या दिशेला बघतोय, काय दिसतंय, किती वाजता, एवढंच.

पहिल्यांदा कळवायची वेळ आली ती गारांमुळे. गार थांबल्यावर एक उचलली आणि पट्टी लावली: तीन सेंटिमीटरच्या थोडी वर. अडीचच्या पुढे गेली की वादळ 'सिव्हिअर' धरतात. मग माळावर जाऊन नैऋत्येला पाहिलं तर खाली उतरलेला एक ढग होता. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षकांनी शिकवलेली युक्ती केली, ढगाची एक कड विजेच्या खांबाशी जुळवली आणि हलले नाही. कड खांबाच्या मागून सरकत डावीकडून उजवीकडे गेली आणि मागून दुसरी आली. फिरत होता, सावकाश.

फोन लावला. पलीकडच्या माणसाने दोनच प्रश्न विचारले: "पावसाच्या कुठल्या बाजूला? अजून फिरतोय?" दक्षिणेला, हो. त्यांच्या रडारला तिथलं खालचं काही दिसत नव्हतं. थोड्या वेळाने वादळातून बाहेर पडलेली थंड हवा पुढे सरकली, अंगावर एकदम गारवा आला आणि तो ढग तुटून गेला. त्या संध्याकाळी टोर्नॅडो झाला नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरच्या नकाशावर, गारांच्या हिरव्या ठिपक्यांमध्ये आमच्या माळाजवळचा ठिपका होता. ढगाचा ठिपका नव्हता, कारण त्या नकाशावर फक्त टोर्नॅडो, वारा आणि गारा येतात. सध्या होडोग्राफ, म्हणजे उंचीनुसार वारा कसा बदलतो ते दाखवणारा आलेख, वाचायला शिकतेय.